उघडी पडलेली सामाईक भिंत: अमळनेर तालुक्यातल्या जुन्या माडीला फायबर सिमेंटच्या फळ्या

खानदेशातल्या जुन्या गावठाणात घरं एकमेकांना खेटून असतात. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. अलीकडून एकाच्या तुळया तिच्यात शिरलेल्या, पलीकडून दुसऱ्याच्या. ही सामाईक भिंत कधी पावसात भिजेल असं बांधणाऱ्याने धरलेलंच नसतं. तिला बाहेरचा गिलावा नसतो, छपराची वळचण तिच्यापुढे येत नसते, पायथ्याशी पाणी लांब नेणारा उतार नसतो. मग शेजारचं कुटुंब सुरतेला नाहीतर पुण्याला स्थायिक होतं, जुनं सागवान घेणारा व्यापारी येतो, बघता बघता घर उतरवलं जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात इकडची भिंत पहिल्यांदा उघड्यावर येते.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात असंच झालं. त्या भिंतीवर आम्ही फायबर सिमेंटच्या फळ्या, म्हणजे सायडिंग, लावलं. जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण अशा उघड्या भिंती आता गावोगाव दिसतात आणि त्यांच्यावर जे उपाय होतात त्यांतले बरेच भिंतीला उलट लवकर पाडतात. आपल्याकडे सायडिंगची माहिती मिळते ती बहुतेक नव्या बंगल्यांच्या एलिव्हेशनची. मातीच्या घराला ते कसं लावायचं, आणि कुठे लावायचंच नाही, हे कुणी सांगत नाही.

घर आणि त्याची भिंत

खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, दोन फुटी भिंत, वर माडी. माडीची भिंत वेगळ्या जातीची: सागाच्या खांबांची चौकट आणि मधल्या मोकळ्या जागांत मातीत बसवलेल्या भाजक्या विटा, जाडी जेमतेम साडेचार-पाच इंच. पूर्वी वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, होतं. नंतरच्या पिढीने धाबं काढून पन्हाळी पत्रे टाकले. शेजारचं छप्पर लागूनच असल्यामुळे हे पत्रे भिंतीच्या कडेशीच कापलेले. भिंत पश्चिमेची, साधारण ३० फूट लांब आणि १८ फूट उंच. पश्चिम म्हणजे वैशाखातलं दुपारनंतरचं सगळं ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी सगळी झड. अमळनेरकडे पाऊस काही कोकणासारखा नसतो, पण जो येतो तो वाऱ्यावर स्वार होऊन आडवा येतो, आणि मातीच्या भिंतीला आडवा पाऊसच मारतो.

घरमालकांना सगळं गाव जिभाऊ म्हणतं. शेजारचं घर उतरवलं गेल्यावर त्यांनी काळजीपोटी लगेच सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत त्या गिलाव्याला जाळीसारख्या भेगा गेल्या. बोटाने वाजवलं तर निम्मी भिंत पोकळ वाजत होती. एका जागी गिलाव्याचा पोपडा उचलला, तर मागची माती इतकी ओली की अंगठा दाबला तर खड्डा पडत होता. आतल्या खोलीत कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, चढला होता. जिभाऊंच्या आई त्याच खोलीत झोपायच्या. "रातले माटी पडस भाऊ," त्या म्हणाल्या, "झोप लागत नही."

असं का झालं? मातीची भिंत पाणी पिते आणि वारा-ऊन मिळालं की परत सोडते. त्यात बिघाड होतो तो पाणी आत यायची वाट उघडी आणि बाहेर जायची वाट बंद झाली की. सिमेंटचा गिलावा ताठ असतो. त्याच्यामागची माती ओली-सुकी होताना हलते, आणि खाली काळी जमीन असेल तर पाया सुद्धा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. गिलाव्याला केसाएवढी भेग पडायला एवढं पुरे. भेगेतून पाणी आत जातं, आणि जिथे भेग नाही तिथे गिलावा त्याला बाहेर पडू देत नाही. त्यात शेजारच्या घराचा मातीचा ढिगारा गुडघ्याएवढ्या उंचीचा तसाच भिंतीला टेकलेला. जोत्याचा दगड पूर्ण गाडला गेला होता, म्हणजे जमिनीची ओल अडवणारी एकमेव गोष्ट निकामी झाली होती.

आणखी एक दार होतं, जे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या तुळया काढून नेल्यावर त्यांच्या खोबण्या तशाच राहिल्या होत्या. गिलावा करणाऱ्याने त्या वरवर लिंपल्या होत्या. आत पोकळी, पारव्यांची जुनी घरटी, आणि थेट भिंतीच्या गाभ्यात उतरणारं पाणी.

जिभाऊंच्या मुलाने जळगावला एका बंगल्यावर सायडिंग पाहिलं होतं. त्याची मागणी सरळ होती: फळ्या ठोकून द्या, झाकलं की झालं. इथे मी ठाम नकार दिला. ओली भिंत झाकली तर ती दिसायची बंद होते, वाळत नाही. आणि मातीचं घर बसतं तेव्हा सांगून बसत नाही.

आधी वाळवणं

दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा काढायला घेतला. हातोडा-छिन्नीने ठोकून नव्हे, पोकळ जागेपासून पट्टीने हलवत, कारण मागची माती सोबत येत होती. ढिगारा उचलला, जोतं मोकळं केलं, पायथ्याशी बाहेरच्या बाजूला उतार दिला. मग भिंत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नुसती उघडी ठेवली. जिभाऊंच्या घरातल्यांना हा काळ फार जड गेला. दाराशी आलेला प्रत्येक जण विचारायचा, काम थांबलं का? काम थांबलेलं नव्हतं. खानदेशातला कोरडा हिवाळा आणि चैत्रातला वारा जे काम फुकट करतो ते कुठल्याही रसायनाने होत नाही.

वाळली की नाही हे बघायची साधी रीत आहे. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि सकाळी बघायचं. आतून थेंब जमले असतील तर भिंत अजून ओलावा सोडते आहे. खाली, मध्ये, वर अशा तिन्ही जागी ही परीक्षा घ्यावी. वरचा भाग कोरडा झाला तरी जोत्यालगतचा पट्टा मागे राहतो.

त्या दरम्यान खोबण्या साफ करून विटा आणि चुन्याने भरल्या. माडीच्या खांबांना स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलं. साग वरून धडधाकट दिसतो. पण दोन खांबांच्या बुडाशी टोक सहज आत गेलं. तेवढा भाग कापून मिस्तरींनी जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडला. उधईचा, म्हणजे वाळवीचा, उपचार केला. उभ्या इमारतींसाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात त्याची पद्धत दिलेली आहे. शेवटी पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवून, कुजवून, तिचाच गिलावा दिला. सिमेंट कुठेही नाही.

पत्रा की फळी

अशा भिंतींना गावात सहसा पत्रा ठोकतात. तो मी वाईट म्हणणार नाही. हातात पैसा कमी असेल तर भिंतीपासून अंतर राखून लावलेला पत्रा हा सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा कितीतरी बरा उपाय आहे. पण पत्रा तापतो, वाऱ्याने वाजतो, आणि माडीच्या पातळ भिंतीमागे झोपणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात. जिभाऊंचा मुलगा खर्च करायला तयार होता, तेव्हा फळ्यांचा विचार पुढे नेला.

"हे म्हणजे आपले जुने सिमेंटचे पत्रे का?" हा जिभाऊंचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी योग्य होता. स्वयंपाकघराच्या पडवीवर जे जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांच्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते कापू नयेत, घासू नयेत, फोडू नयेत. त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की आजार वर्षानुवर्षांनी वर येतो. आता ज्या फळ्या सायडिंगला येतात त्यांत पोर्टलँड सिमेंट, बारीक दळलेली सिलिका आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात, आणि चांगल्या फळ्या दाबाच्या वाफेत पक्क्या केलेल्या असतात. सपाट फायबर सिमेंटच्या पत्र्यांना आयएस १४८६२ हे मानक आहे. त्यात बाहेरच्या वापराचा आणि आतल्या वापराचा असे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. दुकानदार 'सिमेंट बोर्ड' म्हणून आतल्या पार्टिशनचा बोर्ड देऊ शकतो. दिसायला तो तसाच असतो. बाहेरच्या वापराचा माल आहे आणि ॲस्बेस्टॉस नाही, हे दोन्ही बिलावर लिहून घ्यावं. आम्ही घेतलं.

वजनाचा हिशेब जिभाऊंना पटेल असा मांडला, कारण मातीच्या घराला फळ्यांचा भार होईल अशी त्यांची समजूत होती. ८ मिमी जाडीच्या फळीचं वजन चौरस मीटरला साधारण ११ किलो. एकावर एक चढवून लावल्याने ते १३ च्या आसपास जातं. सगळ्या भिंतीच्या फळ्या मिळून साडेसहाशे किलो, लोखंडी सांगाडा धरून नऊशेच्या आसपास. काढून टाकलेला सिमेंटचा गिलावा २० मिमी धरला तर चौरस मीटरला ४० किलोच्या पुढे, म्हणजे त्याच भिंतीवर दोन टन. भिंत इतके दिवस फळ्यांच्या दुपटीहून जास्त ओझं अंगावर वागवत होती.

शेजारी

फळ्या आणि सांगाडा मिळून भिंतीच्या पुढे तीन-चार इंच येतात. ती जागा कुणाची? शेजारचं कुटुंब सुरतेला. फोनवर ते मोकळेपणाने म्हणाले, "लावी ल्या, मन्हं काय जास?" तरी मी लेखी संमतीपत्राचा आग्रह धरला, आणि तो प्रत्येक अशा कामात धरावा. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आज जे तोंडी चालतं ते उद्या नकाशावर येतं. ढिगारा हलवल्यावर जोत्याचे दगड भिंतीपेक्षा चारेक इंच पुढे निघाले. मग ठरलं ते असं की एकही वस्तू जोत्याच्या कडेबाहेर जाणार नाही, आणि शेजाऱ्यांनी पुढे बांधकाम काढलं तर जिभाऊ स्वखर्चाने फळ्या उतरवतील. मुलाला त्या भिंतीत खिडकीही हवी होती. सामाईक भिंतीत शेजारच्या जागेवर उघडणारी खिडकी काढायची नाही, हे जिभाऊंनीच त्याला सांगितलं.

सांगाडा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. फळी भिंतीला चिकटवायची नसते, भिंतीच्या पुढे उभी करायची असते. मध्ये किमान इंचभर पोकळी हवी, आणि ती खाली-वर उघडी हवी. पावसाचं थोडं पाणी फळीमागे जाणारच. ते पोकळीतून खाली निथळतं. भिंतीतून येणारी ओल त्याच पोकळीतल्या हवेबरोबर वरून निघून जाते. ऊन फळीवर पडतं, फळी तापते, आतली हवा गरम होऊन वर चढते. पोकळी बुजली की हे सगळं बंद, आणि आपण पुन्हा सिमेंटच्या गिलाव्यापाशी येऊन थांबतो.

अडचण अशी की भेंड्याच्या भिंतीत रावल प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गुल्ली, धरत नाही. स्क्रू फिरवला की माती भुरभुरते. जळगावहून आलेल्या फॅब्रिकेटरने लांब फास्टनर ठोकू या म्हटलं. हातोड्याच्या दणक्याने मातीची भिंत आतून सुटते, म्हणून तेही नको. आम्ही केलं ते असं. जस्ताचा मुलामा दिलेले ५० बाय २५ मिमीचे चौकोनी पाइप उभे केले, त्यांचा बूड थेट जोत्याच्या दगडावर. म्हणजे वजन दगडावर गेलं. भिंतीकडे फक्त त्यांना धरून ठेवायचं काम राहिलं. माडीच्या पातळीला पाइप सागाच्या खांबांना आणि आडव्या पट्टीला स्क्रूने बांधले, कारण लाकूड स्क्रू घट्ट धरतं. खालच्या मातीच्या भिंतीत १२ मिमीचे आरपार गज घातले. छिद्रं ठोकणी बंद ठेवून नुसत्या फिरत्या लांब ड्रिलने पाडली, त्यात पीव्हीसीची नळी, आणि खोलीच्या आत सहा इंची चौकोनी लोखंडी पट्टी. पट्टी रुंद असल्याने ताण मातीच्या एका बिंदूवर येत नाही. नटही हलक्या हाताने आवळायचा. भेंडा दबेपर्यंत पिळायचा नाही.

उत्पादकांच्या पत्रकात पाइपांमधलं अंतर सहसा ६०० मिमीपर्यंत चालतं असं असतं. आम्ही दीड फूट धरलं. इथलं वळवाचं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, आणि आता शेजारी घर नसल्यामुळे या भिंतीला आडोसा उरलेला नाही. वारा फळीला दाबतो त्यापेक्षा कोपऱ्यांवर ओढतो जास्त.

ओळंबा सोडला तेव्हा भिंत मधोमध दीड इंच बाहेर आलेली दिसली. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये जागोजाग पॅकिंग देऊन पाइप एका रेषेत आणले. यात पूर्ण दोन दिवसांची मजुरी गेली आणि फॅब्रिकेटर कुरकुरला. पण फळ्यांच्या आडव्या रेषा वाकडेपणा लपवत नाहीत, उलट दाखवतात.

फळ्या चढवणं

हे काम आखाजीनंतर, ऐन उन्हाळ्यात झालं. पश्चिमेची भिंत सकाळभर सावलीत असते, म्हणून उजाडल्यापासून दुपारपर्यंतच काम. दुपारी फळी हात लावू देत नाही, आणि तापलेल्या फळीवर रंग आणि सीलंट दोन्ही नीट बसत नाहीत.

माल उतरवताना दोन गोष्टी पाळल्या. फळ्या लाकडी ओंडक्यांवर सपाट, ताडपत्रीखाली. एकेक फळी नेताना मात्र कडेवर उभी धरून दोघांनी न्यायची. आडवी धरली तर मध्ये लवते आणि तडकते. कापलेल्या प्रत्येक कडेला चढवण्याआधी प्रायमर, कारण पाणी कडेतूनच आत शिरतं.

पहिल्या ओळीसाठी मिस्तरींनी पाणसळीने रेषा मारली, जोत्याच्या दगडापासून दोन इंच वर. तळाशी आधी फळीच्याच जाडीची एक अरुंद पट्टी सगळ्या लांबीभर लावली. वरच्या प्रत्येक फळीचं बूड खालच्या फळीवर टेकून थोडं बाहेर येतं. पहिल्या फळीखाली टेकायला काही नसतं, ती पट्टी तो कल देते. ती विसरली तर पहिली ओळ सरळ आणि बाकीच्या तिरप्या, आणि हे पुढे दुरुस्त होत नाही. मग मिस्तरींनी सागाची एक लांब काठी घेतली आणि तिच्यावर १६८ मिमीवर खुणा केल्या: २०० मिमीची फळी, ३२ मिमीचा चढाव. दर ओळीला टेप लावण्यापेक्षा ती काठी दोन्ही टोकांना उभी धरून बघायची. साठीच्या पुढचे मिस्तरी, फायबर सिमेंट आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होते. पण वीस ओळींनंतर दोन्ही टोकांचा फरक दोऱ्याएवढाही नव्हता.

स्क्रू ३०४ दर्जाचे स्टेनलेस, फळीच्या वरच्या कडेपासून इंचभर खाली, म्हणजे पुढच्या फळीखाली झाकले जाणारे. लोखंडी पाइपावर लावताना पंखवाला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्यावा. त्याचे पंख फळीत छिद्र थोडं मोठं करतात आणि लोखंडाला लागल्यावर तुटतात, त्यामुळे फळी पाइपापासून उचलली जात नाही. टोकाशी आधी भोक पाडूनच स्क्रू. डोकं फळीला टेकलं की थांबायचं. एका मजुराने जोरात आवळल्याने एक टोक तडकलं, ती फळी लगेच बदलली. दोन फळ्यांचा सांधा नेहमी पाइपाच्या मधोमध, वरच्या ओळीच्या सांध्यापासून दूर, आणि सांध्याच्या मागे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी. अशी पट्टी असली की सांध्यात सीलंट भरावं लागत नाही. कोपऱ्याच्या पट्टीपाशी मात्र ३ मिमी जागा सोडून रंग धरणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

माडीच्या भागात सांगाड्याच्या मागे वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा लावला, लाकूड वाचावं म्हणून. प्लास्टिकचा कागद कधीही नाही. खाली आणि वर पोकळीच्या तोंडाला बारीक ॲल्युमिनियमची जाळी: उंदीर, पाली, गांधीलमाश्या आणि या दिवसांत जनावर, म्हणजे साप, यांच्यासाठी. वर पत्र्यांच्या कडेला टोपी पत्रा वाकवून बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला पाणी तोडणारी घडी दिली. खरं सांगायचं तर फळ्यांच्या बरोबरीने हा टोपी पत्रा महत्त्वाचा; भिंतीच्या डोक्यावर पाणी पडत राहिलं तर अंगावर काहीही घाला.

रंग फिकट, मातकट पांढरा. मुलाला गडद सागवानी रंग हवा होता. पश्चिमेच्या उन्हात गडद फळी जास्त तापते, जास्त हलते आणि रंग लवकर उडतो. तो समजून घेऊन राजी झाला.

धूळ

पहिल्या सकाळी मजुरांनी अरुंद बोळात ग्राइंडर चालू केला आणि सगळा बोळ पांढरा झाला. तिथल्या तिथे काम बंद केलं. ॲस्बेस्टॉस नाही म्हणून धूळ निरुपद्रवी होत नाही. या फळ्यांत सिलिका आहे, आणि श्वासातून जाणारी बारीक स्फटिकी सिलिका सिलिकोसिस करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ थांबवत नाही. ती डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

मग रीत बदलली. कार्बाइडच्या टोकाच्या चाकूने पट्टी धरून खोल रेघ मारायची आणि फळी त्या रेघेवर तोडायची. सरळ काप असाच निघतो, जवळजवळ धूळ न होता. जिथे कोन किंवा खाच काढायची तिथे ग्राइंडर, पण गावाबाहेर जिभाऊंच्या खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, एन ९५ मास्क लावून. मापं आधी घेऊन फळ्या तिथे न्यायच्या आणि कापून आणायच्या. याने काम रेंगाळलं आणि मजूर वैतागले. तरीही मी हे कुठल्याही घरावर सोडणार नाही. बांधकामावरची पोरं विशी-पंचविशीतली असतात, आणि सिलिकोसिसला उपचाराने परत फिरवता येत नाही. ठेकेदाराने मास्कचा आणि चाकूचा खर्च दरात धरावा आणि मालकाने तो देताना हात आखडू नये.

पहिला पावसाळा

मृगात फारसं काही आलं नाही. आषाढात दोन दिवस झड लागली, तेव्हा जिभाऊंचा फोन आला: खालच्या चार ओळींवर रंगाला फुगे. जाऊन पाहिलं तर रंगाऱ्याने शेवटच्या दिवशी, काम स्वच्छ दिसावं म्हणून, खालच्या ओळींचे चढाव सीलंटने आडवे बुजवले होते आणि तळाच्या जाळीवरही हात फिरवला होता. मागे गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद, म्हणून फळी मागून भिजत होती. सगळं सीलंट चाकूने काढलं, जाळी मोकळी केली. ओळी वाळल्यावर तेवढाच भाग पुन्हा रंगवला. अशी कामं करणाऱ्या प्रत्येकाने रंगारी येण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावं. फट दिसली की बुजवायची हे रंगाऱ्याच्या हाताला शिकवलेलं असतं, आणि या भिंतीत काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात.

एक फळी आम्ही समोरून दिसणाऱ्या स्क्रूंनी लावली आहे, कमरेच्या उंचीवर, लोणा जिथपर्यंत चढला होता तिथे. ती काढून मागे हात घालता येतो. श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, आधी घर सारवण्या-रंगवण्याची गडबड चालू असताना ती उघडली. मातीचा गिलावा कोरडा होता, भुशाच्या काड्या तशाच दिसत होत्या. आतल्या खोलीत जुना लोणा झाडल्यावर नवा आलेला नव्हता. आजींनी माती पडायची थांबली असं सांगितलं आणि लगोलग, त्या खोलीत आता कणगी परत ठेवायची का, हेही विचारून घेतलं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, एवढं सांगितलं.

उन्हाबद्दल जपून बोलायला हवं. खालच्या दोन फुटी मातीच्या भिंतीला फळ्यांनी फारसा फरक पडत नाही. ती मुळातच उष्णता हळू आत घेते. फरक माडीवर जाणवतो. पूर्वी संध्याकाळी माडीच्या पश्चिमेच्या विटांवर हात ठेवला तर चटका बसायचा, आता बसत नाही. कारण ऊन आता विटांवर पडतच नाही. पण फक्त उन्हासाठी कुणी हा खर्च करावा असं मी म्हणणार नाही. त्यासाठी छपराकडे आधी बघावं. या कामात फळ्यांपेक्षा सांगाडा, स्क्रू, पत्र्याचे कोपरे आणि मजुरी यांचाच खर्च जास्त झाला, आणि चौकशीला येणारे लोक बहुतेक फळीचाच भाव विचारतात.

पूर्वेची बाजू

भिंत छान दिसते म्हटल्यावर मुलाने दर्शनी बाजूलाही तेच लावायचा विषय काढला. ती बाजू पूर्वेची. ओटा, त्यावर सागाचे कोरीव खांब, माडीला लाकडी कठडा, चौकटीवर फुला-पानांची नक्षी. तिला कधी सिमेंट लागलेलं नाही, वर दोन फूट वळचण आहे, लाकूड टणक आहे. तिथे फळ्या लावायला मी ठामपणे नाही म्हटलं. जी भिंत अजून स्वतःची काळजी घेते आहे तिच्यावर काहीही चढवणं म्हणजे तिला आजारी करणं. आणि अशा दर्शनी बाजू खानदेशात झपाट्याने कमी होत आहेत. सागवान विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्या खांबांची किंमत कळते, आणि घरातल्यांना ती पुष्कळदा तो आल्यावरच कळते. जिभाऊंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मुलाला सांगितलं की खांब घासून तेल द्यायचं, बाकी हात लावायचा नाही. ते काम मिस्तरींनी कानबाईच्या आधी पुरं केलं.

शिल्लक आहे ते जोत्याच्या दगडांच्या दरजांचं काम. काही दरजांत मधल्या काळात कुणीतरी सिमेंट भरलं आहे. ते काढून चुना भरायचा आहे, आणि दगडाच्या माथ्यावर चुन्याचाच बाहेर उतार द्यायचा आहे, म्हणजे फळ्यांवरून निथळलेलं पाणी तिथे थबकणार नाही. दिवाळीनंतर जमीन वाळली की ते हाती घेऊ, आणि त्याच फेरीत तपासणीची फळी पुन्हा उघडून बघू.